धूळ परवडली, फडका नको

मराठी घरात वस्तूंचे दोनच प्रकार असतात. पुसलेल्या आणि पुसायच्या राहिलेल्या. टीव्ही, टीव्हीशेजारचा गणपती, पंख्याची पाती, स्विचबोर्ड, दारावरची पाटी, यांतलं काही सुटत नाही. प्लॅस्टिकच्या फुलांच्या पाकळ्यासुद्धा एकेक करून पुसल्या जातात. जुन्या बनियनचा फडका होतो, फडक्याचं पायपुसणं होतं, आणि ते पायपुसणंही शनिवारी गॅलरीत आपटून स्वच्छ केलं जातं. अशा घरात ‘ही वस्तू कुणी पुसायची नाही’ असं जाहीर करायला छाती लागते. ती माझ्याकडे नव्हती, पण दुर्बीण होती.

आमच्या गच्चीवर वेधशाळा आहे. म्हणजे पाण्याच्या टाकीशेजारी आठ बाय आठची पत्र्याची खोली आहे. तिचं छप्पर लोखंडी रुळांवरून सरकतं, आणि ते सरकायला लागलं की आज आभाळ निरभ्र असल्याचं अख्ख्या सोसायटीला समजतं. घुमट परवडणारा नव्हता. आत सिमेंटचा खांब, त्यावर चार इंची भिंगाची दुर्बीण, कोपऱ्यात एक स्टूल. एवढ्या ऐवजाला वेधशाळा मी एकटाच म्हणतो. सोसायटीच्या दप्तरात ‘तात्पुरती शेड’ अशी नोंद आहे, आणि आमची ही तिला नुसतं ‘वरचं’ म्हणते. ‘अहो, वरचं आवरलं का? पानं घेतलीत.’

हे ‘वरचं’ नळीत बसवलेल्या एका काचेच्या जिवावर चालतं. त्या काचेवर धूळ बसते, आणि तिथून पुढे भांडणं.

पुण्याची धूळ एकजिनसी नाही. समोरच्या प्लॉटवर इमारत पाडायचं काम चालू असतं, मागच्या प्लॉटवर बांधायचं, आणि मधल्या रस्त्यावर दोघांसाठी खणायचं. हल्ली नदीच्या वाळूऐवजी काळ्या दगडाचा चुरा वापरतात. सहा कोटींहून अधिक वर्षं जो कातळ जागचा हलला नव्हता, तो क्रशरमधून निघतो आणि संध्याकाळपर्यंत आमच्या गच्चीवर मुक्कामाला येतो. शिवाय गणपतीत गुलाल, दिवाळीत फटाक्यांचा धूर, रंगपंचमीला रंग. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरडया वाळत पडतात आणि त्यांच्यावर नजर ठेवायला चार बायका. वळवाच्या आधी वावटळ उठते. कबुतरांना हंगाम नसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उन्हं कलली की गच्चीवर येऊन गादी धोपटतात, आणि ती गादी त्यांच्या लग्नातली असल्यामुळे तिच्यातून काय काय निघत असेल याचा विचार न केलेला बरा.

ही झाली जमिनीवरची धूळ. वरूनही येते. अंतराळातले बारीक कण पृथ्वीवर दरवर्षी हजारो टनांच्या हिशेबात पडत असतात, आणि ते काही पुण्याचा पिनकोड वगळून पडत नाहीत. ओस्लोचे जॉन लार्सन हे मुळात जाझ वाजवणारे कलावंत. त्यांनी शहरातल्या छपरांच्या पन्हाळीतला गाळ वर्षानुवर्षं चाळला आणि त्यातून खरेखुरे सूक्ष्म उल्काकण वेचून काढले. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यावर रीतसर शोधनिबंधही लिहिला. म्हणजे गच्चीतल्या केरात ग्रहमालेइतका जुना ऐवज असू शकतो. ही माहिती मी घरात दिली तेव्हा गच्ची झाडायची पाळी माझी होती. माहिती सगळ्यांना आवडली. पाळी टळली नाही.

तर ही सगळी धूळ भिंगावर बसते. आणि बसली तरी फारसं काही बिघडत नाही, ही या विषयातली सगळ्यात अविश्वसनीय गोष्ट आहे. हिशेब सोपा आहे. भिंग शंभर मिलिमीटर व्यासाचं. त्यावर एक दशांश मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्यांना सहज टोचेल एवढा जाडा कण ठेवा. असे एक हजार कण ठेवा. भिंग बघवणार नाही, आईला रात्री झोप लागणार नाही. पण त्या हजार कणांनी मिळून अडवलेला प्रकाश किती? हजारातला एक भाग. नऊशे नव्व्याण्णव भाग प्रकाश मुकाट्याने आत जातो आणि शनीची कडी जशीच्या तशी दिसतात. दुर्बिणीतून बघताना ते कण दिसतही नाहीत, कारण दुर्बीण ज्या अंतरावर नजर लावून बसलेली असते त्या मानाने भिंगावरची धूळ इतकी जवळ असते की तिची प्रतिमाच तयार होत नाही. आरशाच्या दुर्बिणींमध्ये तर तोंडाशीच एक छोटा आरसा मधोमध टांगलेला असतो. आठ इंची आरशासमोर दोन इंचाचा आरसा म्हणजे सोळावा हिस्सा कायमचा झाकलेला. तरी चंद्राच्या मधोमध भोक पडलेलं कुणी पाहिलेलं नाही.

धूळ अगदीच निरुपद्रवी आहे असं मात्र नाही. थर जाड झाला की प्रकाश विखुरतो, चंद्राभोवती दुधट झाक येते, आणि गुरूचे पट्टे आधीच लाजरे असतात ते आणखी फिके होतात. पण ती अवस्था यायला वर्षं जावी लागतात. पुण्याच्या आभाळात रस्त्यावरच्या दिव्यांनी जो उजेड सांडलेला असतो, तो एका रात्रीत याहून जास्त नुकसान करतो. आणि तो पुसायचा फडका अजून कुणी शिवलेला नाही.

हा हिशेब घरी पटला नाही. तेव्हा मी तोफखाना बाहेर काढला. अमेरिकेत टेक्ससमध्ये मॅक्डोनल्ड वेधशाळा आहे. तिथे १०७ इंची, म्हणजे सुमारे २.७ मीटर व्यासाचा नवा कोरा आरसा बसवला होता. फेब्रुवारी १९७० मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्याचं डोकं फिरलं आणि त्याने पिस्तूल काढून त्या आरशावर सात गोळ्या झाडल्या. हातोडीही चालवली. आरसा फुटला नाही. सात ठिकाणी खळगे पडले, आणि प्रकाश कमी झाला तो साधारण एक टक्का. त्या दुर्बिणीने त्यानंतरही वर्षानुवर्षं उत्तम काम केलं. मी म्हटलं, सात गोळ्या पचवणाऱ्या यंत्राला आपल्या घरची चिमूटभर धूळ काय करणार?

आईने सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाली, ‘त्या माणसाचं पुढे काय झालं?’ मग थोडं थांबून, ‘आणि एवढ्या गोळ्या झाडल्यावर तरी त्यांनी तो आरसा पुसला की नाही?’

खरं तर भिंगाचं वाटोळं करायचंच असेल तर पिस्तुलापेक्षा धुतलेला स्वच्छ रुमाल बरा. भिंगावर प्रकाश परतू नये म्हणून एक लेप दिलेला असतो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा साधा एकपदरी लेप सुमारे शंभर नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाहून शेकडो पट पातळ. आणि धुळीत असतं काय? गारगोटीचा कण असतो, तो काचेहून कठीण. काळ्या दगडातली खनिजंही काचेला हार जाणारी नाहीत. हे कण भिंगावर नुसते बसलेले असतात तोवर पाहुण्यासारखे असतात. तुम्ही त्यांच्यावर फडका ठेवून गोल गोल फिरवलात की तुम्ही काच पुसत नसता, काचकागद चालवत असता. धूळ निघून जाते, ओरखडे राहतात. धूळ उद्या पुन्हा येते. ओरखड्यांना जायची घाई नसते.

आणि पुसणारी माणसं कुठून येतील याचा नेम नाही. लहान मुलांची भीती मला वाटत नाही. त्यांना ‘हात लावू नकोस’ म्हटलं की ती फक्त बोट लावतात. भीती आहे ती चष्मेवाल्या प्रौढांची. चष्मेवाला माणूस आयुष्यभर एकच काच सांभाळत आलेला असतो, त्यामुळे जगातल्या सगळ्या काचांबद्दल आपल्याला अधिकार आहे असं त्याला मनापासून वाटतं. तो दुर्बिणीजवळ येतो, शनी बघायच्या आधी भिंगाकडे बघतो, ‘अरेरे’ म्हणतो, तोंड जवळ नेऊन ‘हा’ करतो आणि सदऱ्याचं टोक वर उचलतो. ‘अरेरे’ आणि ‘हा’ यांच्यामध्ये जेमतेम दोन सेकंद मिळतात. माझी सगळी चपळाई त्या दोन सेकंदांसाठी राखून ठेवलेली आहे.

दुसरा वर्ग मोबाइलच्या टॉर्चवाल्यांचा. तिरप्या टॉर्चच्या उजेडात कारखान्यातून कालच आलेलं भिंगसुद्धा उकिरड्यासारखं दिसतं. म्हणून जाणते लोक भिंगाकडे टॉर्चने बघतच नाहीत. सोसायटीच्या चेअरमननी मात्र बघितलं, आणि त्या दिवसापासून ते गेटवर भेटले की आवाज खाली आणून विचारतात, ‘ते... झालं का साफ?’

मग सल्ले. काच म्हटली की मराठी माणसाला वर्तमानपत्राचा बोळा आठवतो. कुणी राख सुचवली, कुणी लिंबाची फोड, कुणी टूथपेस्ट. एका नातेवाइकांनी पितळेच्या समया चिंचेने किती लख्ख होतात ते समयीसह येऊन दाखवलं. शेजारच्या काकांनी काच पुसायच्या निळ्या फवाऱ्याची आख्खी बाटली भेट दिली, वर म्हणाले, ‘संकोच करू नका, आमच्याकडे दोन आहेत.’ ती बाटली मी शेडमध्ये ठेवली नाही. घरात कुलूप लागणारं कपाट एकच आहे, त्यात आता दागिने आणि ती बाटली आहे.

एक कण काय करू शकतो हे बघायचं असेल तर दुर्बीण बनवणाऱ्यांमध्ये जाऊन बसावं. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत हौशी लोकांसाठी दुर्बीण बनवायच्या कार्यशाळा होत आल्या आहेत. तिथे काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर घासून आरसा घडवतात. मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. आधी भरड पूड, मग मध्यम, मग बारीक, मग आणखी बारीक, आणि शेवटी सीरियम ऑक्साइडचं पॉलिश. प्रत्येक पायरी संपली की सगळं धुऊन काढायचं: टेबल, बादली, हात, नखं. काही जण कपडेही बदलतात. कारण भरड पुडीचा एक कण, अगदी एकच, बाहीच्या दुमडीत लपून पुढच्या पायरीत शिरला की आरशावर लांबलचक रेघ ओढतो आणि कित्येक तासांची मेहनत दोन पायऱ्या मागे जाते. तिथे मी सरकारी अधिकाऱ्यांना, निवृत्त प्राध्यापकांना आणि बारावीच्या पोरांना एकाच नळाखाली रांगेने नखं घासताना पाहिलं आहे. स्वच्छतेचं एवढं वेड आमच्या आईलाही मान्य होण्यासारखं आहे. फरक एवढाच की तिथे आरसा तयार झाला, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढला, की तीच माणसं एकमेकांना शपथ घालतात: आता याला हात लावायचा नाही.

घरच्या वेधशाळेत, तेव्हा, सगळं शहाणपण धूळ काढण्यात नसून ती बसू न देण्यात आहे. पहिला उपाय झाकण. हा एवढा सोपा आहे की त्यात काय चुकणार असं वाटतं. पण दुर्बिणीचं मूळ झाकण पहिल्या वर्षातच हरवतं, हा निसर्गनियम आहे. आमचं हरवल्यावर घरात शोधाशोध झाली आणि लाडवांच्या मधल्या डब्याचं झाकण नळीवर चपखल बसलं. तेव्हापासून डबा उघडा आणि दुर्बीण बंद, किंवा उलटं, अशी परिस्थिती आहे. दिवाळीच्या आठवड्यात आकाशदर्शन होत नाही ते ढगांमुळे नव्हे. दुर्बिणीच्या तोंडाला घालायला मात्र हॉटेलात फुकट मिळणारी शॉवर कॅप सगळ्यात उत्तम. हे मी गमतीने सांगत नाही, जगभरचे हौशी लोक तीच वापरतात. त्यामुळे लग्नकार्याला गेलो की मी वऱ्हाडाच्या खोल्याखोल्यांतून शॉवर कॅप गोळा करत हिंडतो, आणि मुलीकडची मंडळी माझ्या टकलाकडे बघून काही बोलत नाहीत.

झाकणाचं आणखी एक काम आहे, आणि ते धुळीहून गंभीर. भरदिवसा उघडं राहिलेलं भिंग सूर्यासमोर आलं तर आतल्या भागाला किंवा शेडला आगही लागू शकते. कुणी चुकून डोळा लावला तर डोळाच जायचा. म्हणून लाडू मऊ पडले तरी चालतील, दिवसा झाकण दुर्बिणीवरच.

दुसरा उपाय जमिनीचा. शेडमधल्या धुळीचा मोठा वाटा बाहेरून येत नाही, पायाखालून येतो. सिमेंटचा उघडा कोबा झिजत राहतो आणि त्याची बारीक पूड प्रत्येक पावलाबरोबर वर उठते. त्याला रंगाचे दोन हात दिले किंवा रबरी चटई अंथरली की निम्मी लढाई जिंकली. केरसुणी आत न्यायची नाही. ओला पोछा मारायचा, तोही दुर्बीण झाकून. आणि चपला बाहेर. ही अट परदेशातल्या वेधशाळावाल्यांना समजावून सांगावी लागत असेल, आपल्याकडे पाटीही लागत नाही. खोलीत मध्यभागी काहीतरी उभं आहे आणि त्यावर कापड घातलंय एवढं दिसलं की आपली माणसं आपोआप चपला काढतात. एका आजींनी तर दाराबाहेरूनच हात जोडले.

काम झाल्यावर नळी आभाळाकडे तोंड करून ठेवायची नाही. आडवी ठेवायची, जमल्यास तोंड थोडं खाली. धूळ वरून पडते एवढं जरी लक्षात ठेवलं तरी भिंग वर्षानुवर्षं चांगलं राहतं. भिंगाच्या पुढे भिंगाच्या व्यासाच्या दीडपट-दुप्पट लांबीची नळी जोडायची; धूळ अडते, बाजूचा उजेड अडतो आणि मुख्य म्हणजे दव अडतं. हिवाळ्यात उघड्या आभाळाखाली भिंग उष्णता गमावून भोवतालच्या हवेहून थंड होतं आणि त्यावर दव धरतं. दव आणि धूळ एकत्र आली की चिखल होतो, आणि तो वाळला की त्याचा छाप बसतो. आमची पुढची नळी मी योगासनांची चटई गुंडाळून केली आहे. ही म्हणते, त्या चटईचा तेवढाच उपयोग झाला.

दवावर झाकण लावायचं नाही, हे पाठ करून ठेवा. आधी वाळू द्यायचं. घाई असेल तर हेअर ड्रायर, लांबून, मंद. पहाटे चार वाजता गच्चीवर हेअर ड्रायर ऐकू येतो तेव्हा खालच्या मजल्यांवर काय तर्क होत असतील ते असोत.

आणि एवढं करूनही धूळ बसलीच तर? तर रबरी फुग्याची हवा मारायची. तोंडाने फुंकर मारायची नाही, फुंकरीबरोबर थुंकी जाते आणि ती धुळीहून वाईट. मग मऊ केसांचा ब्रश, वजन न देता. डाग, बोटाचा ठसा, कबुतराचा प्रसाद, असलं काही असेल तरच औषधाच्या दुकानातला कापूस, बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. कापूस ओला करून त्याच्या स्वतःच्या वजनानेच एकदा ओढायचा आणि फेकून द्यायचा. पुढच्या ओढीला नवा बोळा. दाबायचं नाही, गोल फिरवायचं नाही, आणि हे सगळं काही वर्षांतून एखाद्या वेळी. चार इंची काचेसाठी एवढा कापूस जाताना बघून घरातल्या काटकसरी माणसांना फार त्रास होतो.

मोठमोठ्या वेधशाळांतही आरशावर फडका मारणारा शिपाई नसतो. हवाई बेटावर मौना केआ शिखरावरच्या जपानी सुबारू दुर्बिणीचा आरसा ८.२ मीटरचा आहे. त्याच्यावर कार्बन डायऑक्साइडचा बर्फ भुरभुरवतात. बर्फाचे कण घसरत, वायू होत, धूळ बरोबर घेऊन जातात. काच कुणी शिवत नाही. मंगळावर तर याहून गंमत. नासाचं इनसाइट यान तिथे एका जागी बसून होतं आणि त्याच्या सौर पट्ट्यांवर धूळ साचत चालली होती. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या हाताने वाळू उचलून पट्टीजवळ हळूच सोडली. जाड वाळूचे कण वाऱ्यावर पट्टीवरून उड्या मारत गेले आणि बारीक धूळ उडवून घेऊन गेले. वीज थोडी वाढलीही. धूळ काढायला धूळच टाकली, हे ऐकल्यावर आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पुष्कळ वेळ हसत होत्या. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये ते यान धुळीनेच बंद पडलं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

फोटो काढणारे तर आणखी पुढे गेलेत. कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरजवळ बसलेली धूळ मात्र फोटोत दिसते, मेदूवड्याच्या आकाराचे काळसर डाग पडतात. ते पुसत नाहीत. संधिप्रकाशात दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून बसवतात आणि त्या कोऱ्या उजेडाचा, पर्यायाने धुळीचाच, फोटो काढतात. मग संगणकाला सांगतात की ताऱ्यांच्या फोटोतून ही धूळ काढून टाक. यासाठी जुना, धुऊन धुऊन पातळ झालेला पांढरा बनियन फार उत्तम. आमच्या घरात फडका होण्याच्या वाटेवर असलेला एक बनियन मी अगदी ऐन वेळी वाचवला. तो आता शास्त्रीय उपकरण आहे. त्याला नीळ लावायची नाही, अशी चिठ्ठी त्याला टाचलेली आहे.

धुळीची एवढी वकिली केली खरी, पण आपल्याकडच्या भिंगांचा खरा वैरी पावसाळा. जूनपासून चार महिने आकाश दिसत नाही आणि हवा ओली असते. भिंगावर बुरशी धरते. ती काचेवर नाजूक जाळी विणते, आणि तिच्यातून पाझरणारं आम्ल लेपाला आणि मग काचेलाही खातं. ती पुसून गेली तरी तिची नक्षी जात नाही. म्हणून पावसाळ्यात दुर्बीण खाली घरात येते आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसकट बसते. निळं जेल ओलावा शोषून गुलाबी झालं की तापवून पुन्हा निळं करायचं. कपाटात साड्या ठेवायच्या की गुरूचे उपग्रह, हा वाद जूनच्या पहिल्या आठवड्यात दरवर्षी नव्याने होतो.

या बुरशीनेच माझं काम केलं. आईला मी प्रकाशाचे टक्के सांगितले, टेक्ससच्या गोळ्या सांगितल्या, काही लागू पडलं नाही. शेवटी कंटाळून म्हटलं, ‘आई, हे लोणच्याच्या बरणीसारखं आहे. ओला हात लागला की बुरा येतो.’

ती हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघत राहिली. ‘मग हे आधी नाही का सांगायचंस? उगाच अमेरिकेतल्या गोष्टी सांगत बसलास.’

तेव्हापासून भिंगाला कुणाची प्राज्ञा नाही हात लावायची. चष्मेवाल्यांना जिन्यातच थांबवलं जातं. चेअरमनना तर ‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं’ असं ऐकून घ्यावं लागलं. काकूंच्या गादीची वेळ बदलून घेण्यात आली, हे सोसायटीच्या इतिहासात कुणाला जमलं नव्हतं. तोटा एकच झाला. रात्री मी छप्पर सरकवायला निघालो की खालून आवाज येतो, ‘हात कोरडे केलेस का?’ आणि आभाळात एखादा ढग जरी असला तरी, ‘राहू दे आज. कशाला रोज रोज उघडायचं ते. हवा लागते.’ खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शलची बहीण कॅरोलिन, तो सलग सोळा तास आरशाला पॉलिश करत बसलेला असताना त्याला घास भरवायची, असं तिने लिहून ठेवलंय. हे मी घरात एकदा सहज सांगून बघितलं. ‘त्याने हात धुतले नसतील म्हणून,’ एवढंच उत्तर आलं.

परवानगी मिळाली की मात्र दृश्य चांगलं असतं. २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्या बाजूने अगदी धारेवर आली होती, जणू नव्हतीच. पुन्हा तशी ती २०३८ च्या सुमारास येतील. मधली सगळी वर्षं ती कमी-जास्त उघडी दिसणार आहेत, आणि चार इंची भिंगातून, त्यावर धूळ असतानाही, ती स्पष्ट दिसतात. तेव्हा जरूर या. चपला जिन्यात काढा, मोबाइलचा टॉर्च बंद ठेवा, आईंना आल्याची वर्दी द्या आणि रुमाल खिशातच राहू द्या.